उन्हाळ्यातील श्वानपालन : उष्माघाताची कारणमीमांसा व प्रतिबंध
(विशेष संदर्भ : खरवई-बदलापूर परिसर)

प्रस्तावना

उष्माघात हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर माणूसच येतो, आणि ते स्वाभाविकही आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. कोकण किनारपट्टीचे ऊन विदर्भाच्या उन्हापेक्षा आकड्याने कमी असले तरी तितकेच प्राणघातक ठरू शकते, ही गोष्ट त्या घटनेने राज्याच्या ध्यानी आणून दिली. मात्र माणसाला घाम येतो, त्याला सावलीत जाता येते, पाणी मागता येते. दारात साखळीने बांधलेल्या कुत्र्याला यांपैकी एकही गोष्ट साधत नाही. प्रस्तुत लेखात कुत्र्याच्या शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणा, खरवई-बदलापूर परिसराच्या हवामानात ती कोठे अपुरी पडते आणि त्यावर घरगुती व संस्थात्मक पातळीवर काय करता येईल, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

बदलापूर पूर्वेकडील खरवई हे गाव आज औद्योगिक वसाहतीचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. जुनी कौलारू घरे, पत्र्याच्या चाळी, कारखान्यांच्या प्रशस्त शेड आणि गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली बहुमजली संकुले असे संमिश्र रूप या परिसराला आले आहे. त्यामुळे येथील कुत्र्यांचे राहणीमानही एकजिनसी नाही. अंगणातला राखणीचा कुत्रा, कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यांनी पोसलेला कुत्रा, सदनिकेत वाढणारा परदेशी जातीचा कुत्रा आणि रस्त्यावरचा बेवारस कुत्रा हे चौघे एकाच उन्हात राहतात. परंतु ते ऊन प्रत्येकाच्या वाट्याला वेगळ्या रीतीने येते.

धापणे : एक शीतन-यंत्रणा

निरोगी कुत्र्याचे शरीराचे तापमान साधारणतः ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसापेक्षा एक-दीड अंशाने अधिक. त्याच्या त्वचेला माणसासारखा घाम येत नाही. घर्मग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या गादीत असतात व शीतनाच्या दृष्टीने त्यांचे कार्य नगण्य होय. भोवतालची हवा शरीरापेक्षा बरीच थंड असेल तर उष्णता त्वचेवाटे आपोआप बाहेर जाते. परंतु हवेचे तापमान तिशीच्या वर सरकू लागले की हा मार्ग आखडत जातो आणि सारी भिस्त बाष्पीभवनावर येऊन पडते. हे बाष्पीभवन घडवून आणण्याची कुत्र्याची रीत म्हणजे धापणे.

धापणे म्हणजे जीभ बाहेर काढून दम खाणे, असा आपला समज असतो. वस्तुतः ती अतिशय नेटकी क्रिया आहे. श्मिट-निल्सन, ब्रेट्झ आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की धापणारा कुत्रा हवा प्रामुख्याने नाकाने आत घेतो व तोंडाने बाहेर सोडतो. नाकाच्या पोकळीत पातळ अस्थींच्या गुंडाळ्या असतात व त्यांवर ओलसर अस्तर असते. आत येणारी हवा या विस्तीर्ण पृष्ठभागावरून जाताना पाणी शोषून घेते. ती पुन्हा नाकावाटेच बाहेर गेली असती तर थंड अस्तरावर त्यातील काही बाष्प पुन्हा द्रवरूप होऊन उष्णता परत मिळाली असती. तोंडावाटे ती सोडल्यामुळे बाष्पासह उष्णता थेट बाहेर जाते. या कामी लागणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा नाकाच्या बाजूच्या एका ग्रंथीकडून येतो, हे १९७२ मध्ये सिद्ध झाले. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. तेव्हा कुत्र्याच्या पिण्याच्या पाण्याचा आणि त्याच्या थंड राहण्याचा संबंध किती निकटचा आहे हे वेगळे सांगावयास नको.

मिनिटाला दोनशे ते चारशे वेळा श्वास घेण्याच्या श्रमानेच उष्णता निर्माण होणार नाही काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. १९६२ मधील एका अभ्यासाने याचे उत्तर दिले. कुत्र्याच्या छातीची व फुफ्फुसांची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते आणि कुत्रा धापतो तो साधारणतः त्याच गतीने. झोपाळ्याला त्याच्याच लयीत हलका झोका दिला की तो अल्प श्रमात चालत राहतो, तसाच हा प्रकार होय.

या यंत्रणेला दोन अटी आहेत : तोंड व नाक मोकळे असले पाहिजे आणि बाहेरच्या हवेत बाष्प सामावून घेण्यास वाव असला पाहिजे. तोंड घट्ट आवळणारे कापडी मुसके घालून कुत्र्याला उन्हात नेणे म्हणजे त्याचा एकमेव शीतनमार्ग बंद करणे होय. मुसके अनिवार्यच असेल तर आत तोंड उघडता येईल असे जाळीचे असावे. दुसरी अट मात्र हवामानाच्या हाती आहे आणि तेथेच बदलापूरचा विशेष प्रश्न उद्भवतो.

खरवईचा उन्हाळा : एक नव्हे, दोन

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारी प्रदेशात किमान ३७ अंश असेल व ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असेल, तर उष्णतेची लाट गणली जाते. बदलापूर हे किनारी जिल्ह्यात असूनही समुद्रापासून बरेच आत आहे. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे वाहू लागले आणि समुद्रावरील वाऱ्याचे आगमन लांबले, की मुंबई शहरापेक्षा येथील पारा अधिक चढतो. हा झाला पहिला, कोरडा उन्हाळा. मे महिन्याच्या उत्तरार्धात हवेतील दमटपणा वाढतो, पारा काहीसा खाली येतो आणि लोक म्हणतात, "आता ऊन जरा कमी झाले." कुत्र्याच्या दृष्टीने हे विधान फसवे आहे.

एक साधे गणित मांडून पाहू. ३९ अंशाच्या ओलसर पृष्ठभागाशी बाष्पदाब सुमारे ७ किलोपास्कल असतो. हवेचे तापमान ४१ अंश व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर हवेतील बाष्पदाब सुमारे १.६ किलोपास्कल भरतो. म्हणजे बाष्पीभवनास अनुकूल असा फरक ५.४ चा राहतो. आता हवा ३५ अंशाची पण आर्द्रता ६० टक्के आहे असे धरा. हवेतील बाष्पदाब ३.४ च्या घरात जातो व फरक ३.६ वर येतो. पारा सहा अंशांनी उतरला, तरी धापण्याची परिणामकारकता सुमारे एक तृतीयांशाने घटली. ४१ अंशाच्या हवेतून शरीराला उलट उष्णता मिळते ही बाब खरी आणि म्हणून कोरडे ऊनही निर्धोक नव्हे. परंतु वर्तमानपत्रातील कमाल तापमानाचा आकडा पाहून कुत्र्याला फिरावयास न्यावे की नाही हे ठरविणारा मालक अर्धीच माहिती वापरत असतो. आपल्या भागात सकाळची हवा गार असली तरी बहुधा अधिक दमट असते. म्हणून पहाटेचा फेरफटकाही मे महिन्यात संथ व छोटा ठेवणे इष्ट.

कोणत्या कुत्र्यांना धोका अधिक

ब्रिटनमधील रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९,०५,५४३ कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या. २०१६ या एका वर्षात त्यांत उष्णताजन्य विकाराची ३९५ प्रकरणे आढळली व त्यांपैकी सुमारे १४ टक्के कुत्रे दगावले. चाऊ चाऊ, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पग, गोल्डन रिट्रिव्हर या जातींना धोका लक्षणीयरीत्या अधिक दिसला. स्थूल व वयस्क कुत्र्यांच्या बाबतीतही तेच आढळले. चपट्या तोंडाच्या जातींचे कारण वरील विवेचनावरून स्पष्ट होते : नाकच आखूड केल्यावर त्यातील शीतन-पृष्ठभाग आखडणारच. २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीने पग घरोघरी लोकप्रिय केला. मुलामागे निमूटपणे चालणारा तो कुत्रा सर्वांनी पाहिला. त्याची घरघर ही लडिवाळ सवय नसून श्वासमार्गाच्या अडचणीचे लक्षण असू शकते, हे मात्र फारसे कोणी सांगितले नाही.

आश्चर्य वाटावे अशी बाब म्हणजे त्याच यादीत सडपातळ ग्रेहाउंडही आहे. ही गोष्ट महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे; कारण आपल्याकडील कारवान आणि पश्मी हे कुत्रेही त्याच धाटणीचे. देशी कुत्रा उन्हाला सरावलेला असतो हे खरे. परंतु धावताना स्नायूंत निर्माण होणारी उष्णता जात पाहत नाही. याच संशोधकांनी विकाराची कारणे तपासली तेव्हा जवळजवळ तीन-चतुर्थांश प्रकरणांत मूळ कारण उन्हात बसणे हे नव्हते, तर व्यायाम हे होते. चेंडू फेकत राहिलो तर कुत्रा फेकणाऱ्याच्या आनंदासाठी कोसळेपर्यंत धावतो. थांबण्याचा निर्णय माणसानेच घ्यावयाचा असतो.

सदनिकेत वातानुकूलन यंत्राच्या गारव्यात वाढलेल्या हस्कीची स्थिती आणखी निराळी. उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला काही आठवडे लागतात व त्यासाठी रोज थोडी उष्णता सोसावी लागते. दिवसभर २४ अंशांत राहिलेला कुत्रा वीज गेल्यावर अथवा मालक गावी गेल्यावर एकाएकी ३६ अंशांत येतो, तेव्हा त्याचे शरीर सर्वथा अप्रस्तुत असते. दुहेरी केसांच्या जातींचे केस मुळापासून भादरण्याची पद्धतही रूढ होत आहे. त्यापेक्षा गळणारी आतली लोकर नियमित विंचरून काढणे बरे. कारण उघड्या पडलेल्या त्वचेला ऊन थेट भाजते.

दैनंदिन दक्षता

पाण्याचे भांडे सावलीत, जड बुडाचे व दोन ठिकाणी असावे. साखळी गुंतून एक भांडे आवाक्याबाहेर गेले किंवा उपडे झाले, तर दुसरे उरते. मातीचे पसरट भांडे वा सिमेंटची कुंडी स्टीलच्या वाडग्यापेक्षा केव्हाही चांगली. साखळी बांधताना सकाळची सावली दुपारी कोठे सरकेल याचा विचार सहसा होत नाही. नऊ वाजता सावलीत बांधलेला कुत्रा दोन वाजता उन्हात असतो. पत्र्याखालची जागा सावलीची असली तरी थंड नसते, कारण तापलेला पत्रा खाली उष्णता फेकत राहतो. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात देणे, त्यावर झावळ्या अथवा गोणपाट टाकणे हे जुने उपाय आजही तितकेच उपयुक्त आहेत.

रस्त्याविषयी एक साधी कसोटी : हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती सहन होत नसेल तर कुत्र्याचे पंजेही तेथे पडता कामा नयेत. औद्योगिक वसाहतीतील रुंद, झाडे तुटलेले रस्ते सूर्यास्तानंतरही बराच काळ तापलेले असतात, हे या परिसरातील रहिवाशांना सांगावयास हवे असे नाही.

बंद मोटारीचा विषय थोडक्यात. २००५ मध्ये अमेरिकेत केलेल्या मोजणीत उभ्या मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले व त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. "पाच मिनिटांत येतो" या सबबीला तेथे अर्थ उरत नाही.

उष्माघात झाल्यास

सततचे व जोरकस धापणे, चिकट दोरीसारखी लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी, पुढे रक्तमिश्रित जुलाब, आचके आणि बेशुद्धी असा लक्षणांचा क्रम सामान्यतः दिसतो. पण तो याच क्रमाने येईल असे नाही. शरीराचे तापमान ४१ अंशांपलीकडे गेले की पेशींतील प्रथिनांची रचना बिघडू लागते, आतड्यांचे अस्तर सुटते, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते. हा ताप नव्हे. तापात मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रच वरची पातळी ठरवते. येथे केंद्र बिचारे खालचीच पातळी मागत असते व शरीर ती देऊ शकत नाही. म्हणून तापावरील गोळ्यांचा येथे उपयोग शून्य, आणि माणसांची पॅरासिटामॉल वा आयब्युप्रोफेन कुत्र्याला देणे तर घातकच.

इस्रायलमधील पशुवैद्यकीय रुग्णालयाने १९९९ ते २००४ या काळातील ५४ कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील निम्मे कुत्रे दगावले. कोसळल्यापासून दीड तासाहून अधिक उशिरा रुग्णालयात पोचलेल्यांत मृत्यूची शक्यता विशेष वाढलेली दिसली. हा दीड तासाचा आकडा बदलापूरकरांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ पासून व मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे. परंतु बदलापूर स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. वाहतुकीच्या कोंडीत हा प्रवास सहज दीड तासाच्या पुढे जातो. तेव्हा आधी थंड करणे, मग हलविणे, हाच क्रम येथे योग्य. जवळच्या पशुवैद्यकास दूरध्वनी करावा तोही कुत्र्यावर पाणी ओतत असतानाच. ब्रिटनमध्येही २०२३ च्या एका अभ्यासानुसार पाचांपैकी जेमतेम एका कुत्र्यालाच प्रवासापूर्वी थंड करण्यात आले होते.

थंड कसे करावे याविषयीच्या मतात बदल झाला आहे. पूर्वी बर्फाचे अथवा गार पाणी वापरू नये, त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, असे सांगितले जाई व कोमट पाण्याचा आग्रह धरला जाई. आता तरुण व निरोगी कुत्र्याला, विशेषतः धावण्याने तापलेल्या कुत्र्याला, डोके वर धरून गार पाण्यात बसविणे ही सर्वांत जलद पद्धत मानली जाते. वयस्क वा आजारी कुत्र्याच्या अंगावर मिळेल ते पाणी सतत ओतून पंख्याचा वारा द्यावा. केस भिजून पाणी त्वचेपर्यंत पोचले पाहिजे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवणे मात्र टाळावे. तो काही मिनिटांतच तापतो व वारा अडवतो. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासात व्यायामाने तापलेल्या, पण पूर्ण शुद्धीवर असलेल्या कुत्र्यांनी स्वतःहून डोके पाण्यात बुडविल्यास तापमान त्वरेने उतरते असे दिसून आले. अर्धवट शुद्धीच्या कुत्र्यावर हा प्रयोग कदापि करू नये, व त्याच्या तोंडात पाणीही ओतू नये.

येथे एक स्थानिक अडचण नमूद केली पाहिजे. इमारतीच्या गच्चीवरील काळ्या टाकीतून दुपारी येणारे नळाचे पाणी बरेचदा इतके तापलेले असते, की ते अंगावर घेणे नकोसे होते. कुत्र्याच्या शरीरापेक्षा थंड असे कोणतेही पाणी उपयोगी असते. पण टाकीच्या पाण्याबाबत हे गृहीत धरता येत नाही. पाणीपुरवठा अनियमित असेल तर नळ कोरडाही असू शकतो. म्हणून मार्चपासून स्नानगृहात एक भरलेली बादली केवळ याच कामासाठी राखून ठेवावी.

गुदमार्गातील तापमान ३९.५ च्या आसपास आले की पाणी ओतणे थांबवावे, अन्यथा ते सामान्यपातळीखाली घसरते. कुत्रा उठून चालू लागला तरी पशुवैद्यकाकडे नेणे टाळू नये. मूत्रपिंडे व यकृत यांना झालेली इजा कित्येकदा एक ते तीन दिवसांनी उघड होते. संध्याकाळी शेपूट हलविणारा कुत्रा तिसऱ्या दिवशी दगावतो तो यामुळे.

कायदा, संस्था आणि महाविद्यालयाचे आवार

ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत, जेथे तापमान ३७ अंशांहून अधिक असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपण्यास मनाई आहे. म्हणजे बैलाच्या बाबतीत साठ वर्षांपूर्वीच पाऱ्याचा आकडा व घड्याळाची वेळ दोन्ही निश्चित केली गेली. कुत्र्याला जे संरक्षण आहे ते प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ चे. अपुरे अन्न, पाणी वा निवारा देणे, अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि सदैव बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हे त्यान्वये गुन्हे होत. मात्र या कलमात तापमानाचा आकडा नाही आणि पहिल्या गुन्ह्यास दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६० मध्ये पन्नास रुपयांना काही अर्थ होता. कारखान्याच्या फाटकाशी भर उन्हात बांधलेल्या कुत्र्याबद्दल तक्रार करणाऱ्या नागरिकाचा रिक्षाखर्चच आज त्याहून अधिक होईल.

अध्यापकवर्गाच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न वेगळा आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील भटके कुत्रे हटवून निवारागृहांत नेण्याचे आणि निर्बीजीकरण व लसीकरणानंतर त्यांना त्याच जागी परत न सोडण्याचे निर्देश दिले. त्या निर्देशांच्या इष्टानिष्टतेची चर्चा प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरची आहे. परंतु त्याचा एक परिणाम उष्णतेच्या संदर्भात थेट पोचतो. रस्त्यावरचा कुत्रा दुपारी गटाराच्या ओलीत, उभ्या ट्रकखाली, झाडाच्या बुंध्याशी जागा शोधतो; आपल्या शीतनाचा प्रश्न तो स्वतः सोडवीत असतो. पिंजऱ्यात आल्यावर ही मुभा संपते व ती जबाबदारी पिंजरा उभारणाऱ्यावर येते. सिमेंटची जमीन, पत्र्याचे छत आणि दाटीवाटीने ठेवलेले कुत्रे यांच्या एकत्र येण्याने आतली हवा बाहेरच्यापेक्षा उष्णही होते आणि धापण्यातून निघालेल्या बाष्पाने दमटही.

अशा जागेची तपासणी करण्यास खर्चिक साधने लागत नाहीत. भौतिकशास्त्र वा भूगोल विभागाकडील कोरडा-ओला तापमापक पुरेसा आहे. तो माणसाच्या उंचीवर न टांगता जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे कुत्र्याच्या नाकाच्या पातळीवर ठेवावा. दुपारी दोन ते चार या वेळेत दर अर्ध्या तासाने आणि पुन्हा रात्री दहाला नोंद घ्यावी; कारण दिवसभर तापलेली सिमेंटची जमीन रात्री उष्णता सोडते व कुत्र्याला सावरण्यास अवधी मिळत नाही. त्याच वेळी बाहेरच्या झाडाखाली दुसरा तापमापक ठेवून दोहोंतील फरक मांडावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक किंवा पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पाचे विद्यार्थी मार्च ते जून या काळात आठवड्यातून दोन दिवस हे काम सहज करू शकतील. छताला चुना देण्यापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर छतावरील खर्चाची मागणी घेऊन नगरपरिषदेकडे जाताना हाती आकडे असतील.